नोटेचें चित्र आणि चित्राची नोट

श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांच्या पाकिटांत या क्षणीं वीस रुपयांची नवी नोट असेल त्यांनीं ती बाहेर न काढतां मनाशींच एका प्रश्नाचें उत्तर द्यावें. त्या नोटेच्या पाठीवर कोणतें चित्र आहे? पुष्कळांना तें आठवणार नाहीं अशी माझी अटकळ आहे. तें चित्र वेरूळच्या लेण्यांचें आहे. ही नोट २०१९ सालीं निघाली. तेव्हांपासून आपल्या प्रांतांतील त्या अलौकिक शिल्पाची छबी आपल्या हातांतून भाजीवालीच्या हातांत आणि तिच्या हातांतून रिक्षावाल्याच्या हातांत रोज जात आहे. ती पाहण्यास मात्र कोणी थांबत नाहीं. आपण पाहतों तो आंकडा, आणि फार तर नोट फाटकी आहे कीं धड आहे एवढें. सूक्ष्म रेषांचें इतकें परिश्रमपूर्वक केलेलें काम सामान्य गृहस्थाच्या घरांत दुसरें क्वचितच असेल. तरी त्याला चित्र म्हणावें असें आपल्या मनांतहि येत नाहीं.

या न दिसणाऱ्या चित्राकडे आणि त्याच्या आड दडलेल्या व्यवहाराकडे लोकांची दृष्टि वळविण्याचा उद्योग गेल्या दीडशें वर्षांत पाश्चात्य देशांतील कांहीं चित्रकारांनीं केला आहे. त्यांपैकीं एका अमेरिकन चित्रकाराची हकीकत मी आज मुख्यतः सांगणार आहें. ती सांगतांना कायदा, अर्थशास्त्र आणि थोडी गंमत अशा तिन्ही गोष्टी ओघानें येतील.

प्रथम नोट म्हणजे काय हें थोडें पाहिलें पाहिजे. चांदीच्या रुपयाच्या काळांत व्यवहारदक्ष मनुष्य रुपया दगडावर वाजवून घेई. आवाज बद्द आला कीं रुपया परत. नाण्याचा खरेपणा त्याच्या अंगांतच असे आणि तो कानाला कळे. कागद वाजत नाहीं. त्याच्यामागें कोणीतरी उभें असावें लागतें. आपल्याकडील पेढ्यांवरची दर्शनी हुंडी अशीच चाले. हुंडी लिहिणाऱ्या सावकाराची पत जेवढी, तेवढी त्या चिठोऱ्याची किंमत. पत हा आपल्या भाषेंतील शब्द मोठा मार्मिक आहे. माणसाची अब्रू आणि त्याची कर्ज मिळविण्याची योग्यता या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दांत येतात. सरकारी नोट ही याच जातीची हुंडी होय. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीनें धारकास अमुक इतके रुपये देण्याचें वचन छापलेलें असतें. (एक रुपयाच्या नोटेवर हें वचन नसतें, हें आपल्या मुलांना एकदां अवश्य दाखवावें. ती नोट बँकेची नसून केंद्र सरकारची असते, तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवांची सही असते, आणि कायद्यानें तिला नाण्याचाच दर्जा आहे.)

आतां हें वचन पुरें करून घेण्यासाठीं कोणी शंभराची नोट घेऊन बँकेंत गेला, तर त्याला काय मिळेल? दुसऱ्या नोटा, किंवा नाणीं. एके काळीं अशा वचनामागें सोनें होतें. इंग्लंडनें १९३१ सालीं सुवर्णमान सोडलें. परकीय सरकारांना डॉलरच्या मोबदल्यांत सोनें देणें अमेरिकेनें १९७१ सालीं बंद केलें. तेव्हांपासून वचनामागें दुसरें वचनच आहे. आपण नोट घेतों याचें कारण एवढेंच, कीं पुढचा मनुष्यहि ती घेईल अशी आपली खात्री असते. ही खात्री किती गाढ असते आणि किती थोड्या वेळांत ढळते, हें ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची वार्ता ज्यांनीं ऐकली त्यांना नव्यानें सांगावयास नको.

या खात्रीशीं पहिली छेडछाड करणाऱ्यांत विल्यम हार्नेट नांवाचा अमेरिकन चित्रकार होता. वस्तु इतकी हुबेहूब रंगवावी, कीं पाहणाऱ्यानें ती उचलण्यासाठीं हात पुढें करावा, ही त्याची हातोटी. १८७७ सालीं त्यानें पांच डॉलरची एक वापरून जीर्ण झालेली नोट तैलरंगांत रंगविली. पुढें १८८६ मध्यें न्यूयॉर्कमधील एका मद्यगृहांत लटकत असलेलें त्याचें नोटेचें एक चित्र ‘सीक्रेट सर्व्हिस’ या सरकारी खात्याच्या अधिकाऱ्यांनीं उचलून नेलें. हें खातें आज अमेरिकेच्या अध्यक्षांच्या रक्षणासाठीं प्रसिद्ध असलें तरी १८६५ सालीं तें निघालें तें खोट्या नोटांच्या बंदोबस्तासाठींच. हार्नेटवर खटला झाला नाहीं. पण त्यानें तंबी ऐकली आणि पुन्हां नोट रंगविली नाहीं. जॉन हाबर्ले या दुसऱ्या चित्रकारालाहि अशीच तंबी मिळाली. त्यानें ती ऐकली नाहीं.

मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंतानें निराळीच युक्ति केली. १९१९ च्या डिसेंबरांत पॅरिसमध्यें आपला दंतवैद्य डॉ. त्झांक याचें बिल भागविण्यासाठीं त्यानें ११५ डॉलरचा एक चेक स्वतःच्या हातानें आंखून, रेखून, अक्षरें काढून तयार केला. हा चेक नेहमींच्या चेकाहून बराच मोठा होता, आणि ज्या बँकेवर तो काढला ती बँक जगांत कोठेंहि नव्हती. डॉक्टरनें तो स्वीकारला. पुढें कित्येक वर्षांनीं द्यूशाँनें तो लिहिलेल्या रकमेहून अधिक पैसे देऊन परत विकत घेतला. हुंडी लिहिणाऱ्यानें ती स्वतःच वटवावी आणि वर व्याजहि द्यावें, असा सचोटीचा सावकार मिळणें कठीण!

याच्या उलट टोंकाला अँडी वॉरहॉल. त्यानें १९६२ सालीं एका मोठ्या पटावर एक डॉलरच्या दोनशें नोटांचीं चित्रें ओळीनें छापलीं. हें चित्र २००९ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलांवांत ४ कोटी ३७ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. दोनशें डॉलरांच्या चित्राला चार कोटी डॉलर, हें त्रैराशिक शाळेंतल्या कोणत्याहि पाटीवर सुटणारें नाहीं. अलीकडे तर असे प्रकार फार झाले. १९९४ च्या ऑगस्टांत दोघां ब्रिटिश वादकांनीं स्कॉटलंडजवळील जूरा बेटावर दहा लाख पौंडांच्या खऱ्या नोटा जाळल्या. मौरित्सिओ कॅतेलान या इटालियन कलावंतानें २०१९ मध्यें भिंतीवर चिकटपट्टीनें डकविलेलें केळें मायामी येथें एक लाख वीस हजार डॉलरला विकलें गेलें. २०२४ मध्यें त्याच कृतीची एक प्रत लिलांवांत ६२ लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्यानें तें केळें खाऊनहि टाकलें. या गोष्टी ऐकून मनुष्य चकित होतो, थोडा चिडतो, आणि त्याच्या ध्यानांत राहते ती फक्त किंमत. माझ्या मतें येथें कलावंतानें पैशावर भाष्य करण्याऐवजीं पैशानेंच कलावंताला गिळलें आहे. वॉरहॉलची गोष्ट किंचित् वेगळी. त्याला हें होणार हें ठाऊक असावें असें त्याचें चित्र पाहून वाटतें.

म्हणूनच मला जे. एस. जी. बॉग्ज याचें काम अधिक मोलाचें वाटतें. त्याचा जन्म १९५५ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथें झाला. १९८४ मध्यें शिकागो शहरांतील एका साध्या उपाहारगृहांत तो कॉफी आणि डोनट घेत बसला होता. (डोनट म्हणजे मध्यें भोंक असलेला तळलेला गोड वडा.) हाताला चाळा म्हणून तो कागदी रुमालावर एकाचा आंकडा काढूं लागला, आणि तो आंकडा वाढतां वाढतां त्याची एक डॉलरची नोट झाली. वाढणाऱ्या बाईला तें चित्र आवडलें व तिनें तें विकत मागितलें. बॉग्जनें विकण्याचें नाकारलें. पण बिल झालें होतें नव्वद सेंट. तेव्हां तो म्हणाला, बिलाच्या बदल्यांत हें चालेल काय? बाईनें चित्र घेतलें. तो जावयास निघाला तेव्हां तिनें त्याला हांक मारली व उरलेले दहा सेंट त्याच्या हातावर ठेवले.

त्या दहा सेंटांत बॉग्जला आपलें जन्माचें काम सांपडलें. चित्राच्या बदल्यांत जेवण हा सौदा जुनाच आहे. गरीब चित्रकार तो सर्वत्र करीत आले आहेत. परंतु मोड परत मिळाली याचा अर्थ त्या बाईनें त्या चित्रावर लिहिलेला आंकडा खरा मानला. तिनें एका अनोळखी माणसाची पत, क्षणभर कां होईना, सरकारच्या पतीच्या शेजारीं बसविली.

यानंतर बॉग्जनें आपल्या व्यवहाराचे कडक नियम ठरविले. तो डॉलर, पौंड, स्विस फ्रँक यांच्या नोटा खऱ्या नोटेच्या आकाराच्या, पण फक्त एका बाजूनें काढी. दुसऱ्या बाजूस त्याची सही आणि अंगठ्याचा ठसा असे. पुढें पुढें तो या नोटांत स्वतःचे फेरफारहि करूं लागला. शंभर डॉलरच्या एका नोटेवर त्यानें गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटलेल्या हॅरिएट टबमन या नीग्रो स्त्रीचें चित्र घातलें; तिला वीस डॉलरच्या नोटेवर घेण्याची घोषणा अमेरिकन सरकारनें २०१६ सालीं केली. आपलें हें चित्र तो कोणा संग्राहकाला सरळ विकीत नसे. तें घेऊन तो दुकानांत, उपाहारगृहांत किंवा हॉटेलांत जाई आणि स्पष्ट सांगे, कीं मी चित्रकार आहें, ही खरी नोट नव्हे, हें माझें चित्र आहे, आणि चित्राची किंमत तुम्हांआम्हांला कोठें ठाऊक असते, म्हणून तिच्यावर जो आंकडा आहे तीच मी धरतों. समजा, जेवणाचें बिल ८७ डॉलर झालें. त्यानें शंभराचें चित्र पुढें केलें. मालकानें तें घेतलें तर त्यानें तेरा डॉलर परत द्यावयाचे आणि पावती द्यावयाची. खिशांत खऱ्या नोटा असतील तर बॉग्ज त्याहि दाखवी, म्हणजे निवड मालकाची राही.

बहुतेक ठिकाणीं नकारच मिळे. ज्या दुकानदाराला पैशाची काळजी अधिक तो नकार देई हें उघडच आहे, आणि त्याला हंसण्याचें कारण नाहीं. महिनाअखेर भाडें देतांना घरमालक चित्र घेत नाहीं. पण जो कोणी होकार देई त्यालाहि त्यापूर्वीं अर्धें मिनिट विचार करावा लागे. हें खरें चित्र आहे काय? याला कोणी पुढें विचारील काय? हा मनुष्य ठक तर नाहीं? हे प्रश्न वास्तविक प्रत्येक नोटेला विचारतां येण्यासारखे आहेत, पण सरकारी नोट घेतांना ते आपल्याला सुचत नाहींत. बॉग्जची कलाकृति कागदावर अर्धीच होती. उरलेली अर्धी त्या अर्ध्या मिनिटांत घडे.

व्यवहार पुरा झाल्यावर चोवीस तास बॉग्ज गप्प राही. मग तो ती मोड आणि पावती एखाद्या संग्राहकाला विके, आणि सौदा कोठें झाला हें सांगे. संग्राहक तें दुकान शोधी व मालकाकडून चित्र विकत घेण्याचा प्रयत्न करी. चित्र, पावती आणि मोड तिन्ही एका चौकटींत बसलीं, म्हणजे कृति पूर्ण झाली. यांत दर्शनी किंमतीच्या कितीतरी पट पैसे फिरत. बॉग्जला त्यांतून चांगलें उत्पन्न होई, हें लपविण्याचें कारण नाहीं. तो बैरागी नव्हता. परंतु चित्राच्या किंमतींतील जी वाढ, तिचा लाभ त्यानें त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या दुकानदाराच्या हातीं ठेवला होता, हीं दोन्ही अंगें सांगितलीं पाहिजेत. ज्यानें होकार दिला त्याच्या दाराशीं दुसऱ्या दिवशीं ग्राहक येई. ज्यानें नकार दिला त्याला हें कळतहि नसे.

१९८६ च्या अखेरीस लंडनमधील एका लहान कलादालनांत त्याचें प्रदर्शन चालू असतां पोलीस आले आणि चित्रें घेऊन गेले. फिर्यादी होती खुद्द बँक ऑफ इंग्लंड. (१९२८ मध्यें नाशिक येथें छपाई सुरूं होण्यापूर्वीं हिंदुस्थानच्या नोटाहि याच बँकेंत छापल्या जात.) खटला १९८७ च्या नोव्हेंबरांत ओल्ड बेलीच्या प्रसिद्ध न्यायालयांत उभा राहिला. आरोप खोट्या नोटा केल्याचा नव्हता, कारण बॉग्जनें कोणालाहि फसविलें नव्हतें. १९८१ च्या कायद्याचें अठरावें कलम असें आहे, कीं लेखी परवानगीवांचून ब्रिटिश नोटेची किंवा तिच्या कोणत्याहि भागाची प्रतिकृति, कोणत्याहि पदार्थावर, योग्य मापांत असो वा नसो, करूं नये. अक्षरशः धरलें तर शाळेच्या पाटीवर पौंडाची नोट काढणारा पोरहि यांत सांपडेल.

बॉग्जचे वकील जेफ्री रॉबर्टसन यांचें म्हणणें असें, कीं प्रतिकृति हा शब्दच येथें लागू होत नाहीं. छापखाना प्रतिकृति करतो. चित्रकार पाहतो, समजतो आणि स्वतःच्या हातानें नवी वस्तु निर्माण करतो. हा युक्तिवाद वाटतो तितका हलका नाहीं. एखाद्यानें आपल्या आजोबांचें चित्र काढलें तर त्याला आपण आजोबांची नक्कल म्हणत नाहीं. पण आजोबा हे चित्र नव्हेत, आणि नोट ही स्वतःच एक चित्र आहे. चित्राचें चित्र काढलें म्हणजे मूळ आणि नक्कल यांची सीमा खरोखरच धूसर होते. माझ्या अल्प बुद्धीला बँकेचीहि बाजू कळते. पत ही एकच वस्तु तिच्या भांडारांत आहे, आणि तिची कोणी मौज करूं लागला तर राखणदारानें ओरडावें हें साहजिक आहे. ज्यूरीनें मात्र बॉग्जला निर्दोष ठरविलें. १९८९ मध्यें ऑस्ट्रेलियांतहि त्याला अटक झाली; तेथेंहि तो सुटला आणि वर नुकसानभरपाई मिळवून परतला.

येथें थोडें ब्राझीलकडे वळलें पाहिजे, कारण नोटेला हात घालणें ही सर्व ठिकाणीं गंमत नसते. ब्राझीलमध्यें १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती. सिल्दो मेइरेलेस या तेथील तरुण कलावंताच्या लक्षांत एक गोष्ट आली. वर्तमानपत्रावर पाहारा बसवितां येतो, सभेवर बसवितां येतो. पण ज्या वस्तू रोज हजारों हातांतून फिरतात त्यांच्यावर कोण पाहारा बसविणार? १९७० सालीं त्यानें परत करावयाच्या कोका-कोलाच्या रिकाम्या बाटल्यांवर पांढऱ्या अक्षरांत राजकीय मजकूर छापला. बाटली रिकामी असतां तो जवळजवळ दिसत नसे. कारखान्यांत ती पुन्हां काळ्या पेयानें भरली, कीं अक्षरें उमटत. आपल्याकडेहि सोड्याच्या बाटल्या परत करण्याची चाल होती, त्यामुळें ही युक्ति आपल्याला चटकन् उमगेल. कंपनीच्याच गाड्या त्याचा मजकूर घरोघर पोंचवीत होत्या.

१९७५ च्या ऑक्टोबरांत साओ पावलो येथें व्लादिमिर हेर्झोग हा पत्रकार लष्कराच्या कोठडींत मरण पावला. त्यानें आत्महत्या केली असें सरकारनें जाहीर केलें. मेइरेलेसनें एक रबरी शिक्का घेतला आणि एक क्रुझेरोच्या नोटांवर ‘हेर्झोगला कोणीं मारलें?’ हे शब्द उठवून त्या नोटा बाजारांत सोडून दिल्या. नोट जवळ बाळगण्याची भीति वाटली तरी ती फाडून टाकण्याचें धैर्य कोणाला होणार? जो तो ती लवकरांत लवकर खर्चून टाकी, म्हणजे पुढच्याच्या हातीं देई. भीतीच त्या प्रश्नाला गति देत होती. चौकटींत बसवून भिंतीवर लावण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें, आणि त्याचें मोल एक क्रुझेरोहून अधिक व्हावें अशी इच्छाहि नव्हती. हेर्झोगच्या मृत्युपत्रकांतील आत्महत्येची नोंद खोडून तेथें छळाचें कारण नोंदविलें गेलें तें २०१३ सालीं.

याच मेइरेलेसनें पुढें शून्य क्रुझेरो आणि शून्य डॉलर अशा किंमतीच्या नोटा छापल्या. आपल्याकडे चेन्नईच्या एका संस्थेनें २००७ पासून लांच मागणाऱ्यांच्या हातीं देण्यासाठीं शून्य रुपयाची नोट वांटली. तिचा हेतु कलेचा नसून उपयोगाचा होता, तरी घराणें एकच. खऱ्या नोटेवर लिहिण्याची संवय मात्र आपल्याला निराळ्याच कारणानें आहे. हिशेब, फोनचे आंकडे, प्रेमिकांचीं नांवें यांसाठीं आपण नोटेला पाटी समजतों, आणि रिझर्व्ह बँकेला १९९९ मध्यें स्वच्छ नोटांचें धोरण जाहीर करून हें थांबविण्याची विनंती करावी लागली.

बॉग्जची उरलेली हकीकत त्याच्या स्वदेशांतली आहे. १९९२ सालीं तो पिट्सबर्ग येथें राहत असतां, शंभर वर्षांपूर्वीं हार्नेटकडे आलेलें तेंच खातें त्याच्याकडे आलें आणि हजारांहून अधिक वस्तू जप्त करून घेऊन गेलें. त्याच्यावर गुन्हा कधींच दाखल झाला नाहीं. झाला असता तर लंडनप्रमाणें तेथेंहि ज्यूरीपुढें जातां आलें असतें. तो मार्गच बंद राहिला. आपलीं चित्रें परत मिळावींत म्हणून बॉग्जनें सरकारवर दावा लावला. १९९८ मध्यें वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें निर्णय दिला, कीं असा माल जवळ बाळगणेंच बेकायदेशीर असल्यामुळें तो परत देतां येत नाहीं. तेथील नियमाप्रमाणें नोटेचें रंगीत चित्र एकाच बाजूस असावें, आणि त्याची लांबीरुंदी खऱ्या नोटेच्या पाऊणपटीहून कमी किंवा दीडपटीहून अधिक असावी. बॉग्जचीं चित्रें एका बाजूचीं होतीं. मापाच्या बाबतींत त्यानें कधींच माघार घेतली नाहीं, कारण दुकानदाराच्या तळहातावर नोटेएवढीच वस्तु पडावी यांतच त्याचा सारा खेळ होता.

२०१७ च्या जानेवारींत फ्लॉरिडा प्रांतांतील टँपा येथें बॉग्ज वारला. त्या वस्तू त्याला हयातींत परत मिळाल्या नाहींत. ज्या लंडनमध्यें त्याच्यावर खटला झाला तेथील ब्रिटिश म्यूझियमच्या नाण्यानोटांच्या संग्रहांत मात्र त्याच्या नोटेला जागा मिळाली आहे.